दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बेंबीजवळ गाठ येतेय? चोळू नका, दाखवा

प्रश्न : डॉक्टरताई, माझं वय ४६. आम्ही तासगाव तालुक्यातले, द्राक्षबाग आहे. मागच्या वर्षी पावसाळ्यात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. खडा मोठा होता, डॉक्टरांनी डबीत घालून दिला. बेंबीच्या टाक्यातनं नंतर बरेच दिवस पू येत होता, मग भरून आलं. आता दिवाळीपासनं बेंबीच्या जरा वर लिंबाएवढी गाठ येते, खोकलं की फुगते, आडवं झालं की आत जाते. दुखत नाही पण संध्याकाळी ओढल्यासारखं वाटतं. शुगरची गोळी चालू आहे, मिश्री लावते. सासूबाई म्हणतात बेंबी सरकलीय, चोळून घे. मालक म्हणतात डॉक्टरनं आत काहीतरी ठेवलंय, जाऊन जाब विचारू. जाऊबाईंनी पोटाचा पट्टा आणून दिलाय. हंगाम तोंडावर आलाय, माल उतरवून एप्रिलात दाखवलं तर चालंल का? आणि यात जाळी बसवतात म्हणे, ती अंगाला सोसते का?

उत्तर :

ताई, तुम्ही पत्र लिहिलंत हे फार बरं केलंत, कारण आपल्याकडं बायका असली गाठ साडीच्या निऱ्यांखाली वर्षानुवर्षं झाकून ठेवतात, आणि मग एक दिवस रात्री उलट्या सुरू झाल्या की सगळं घर धावत मिरजेला येतं. तुमच्यावर ती वेळ यायची काही गरज नाही.

तुम्ही जे लिहिलंय, खोकल्यावर फुगते आणि झोपल्यावर आत जाते, हे वर्णन जवळजवळ हर्नियाचंच आहे. पत्रावरनं पक्कं निदान करता येत नाही, हात लावून तपासावंच लागतं. पण टाक्याच्या जागी आत गाठ धरली असेल किंवा पू साठला असेल तर ती गाठ झोपल्यावर अशी गायब होत नाही. दुर्बिणीचं ऑपरेशन करताना पोटात ज्या छोट्या छेदांतून नळ्या घालतात ना, त्याला आम्ही पोर्ट म्हणतो, आणि त्या जागेवर पुढं होणाऱ्या हर्नियाला पोर्टचा हर्निया. हा कुठला जगावेगळा प्रकार नाही. दुर्बिणीतून पित्ताशय काढायला सुरुवात झाली जर्मनीत १९८५ साली, आपल्या देशात पहिलं झालं १९९० साली मुंबईच्या जे. जे. मधे डॉ. तेहेमतन उदवाडिया यांच्या हातून. पण दुर्बिणीच्या छेदातून हर्निया होतो याची नोंद त्याच्याही आधीची, १९६८ ची आहे, तेव्हा दुर्बीण मुख्यतः बायकांच्या तपासणीला वापरायचे. म्हणजे सर्जन लोकांना हे पहिल्यापासून माहीत आहे. पेशंटला मात्र कुणी सांगत नाही, कारण सगळीकडं बोलबाला एकच, दुर्बिणीचं आहे, काही होत नाही, तिसऱ्या दिवशी कामाला लागा.

इथंच घोटाळा होतो बघा. बाहेरून दिसतो तो कातडीवरचा वण, तो एवढासा असतो, म्हणून आपल्याला वाटतं आत पण एवढंसंच असणार, आणि कातडी भरून आली म्हणजे सगळं भरून आलं. पण पोटाचा भार कातडी पेलत नाही. कातडी आणि चरबीच्या खाली एक पांढरं, चिवट आवरण असतं, तेच सगळा जोर धरून ठेवतं. पित्ताशयाच्या ऑपरेशनमधे सहसा चार छेद असतात, दोन ५ मिलीमीटरचे आणि दोन १० मिलीमीटरचे, त्यातला मोठा एक बेंबीपाशी आणि एक छातीच्या खाली. ५ च्या छेदातून मोठ्या माणसात हर्निया क्वचितच होतो. १० किंवा त्याच्या वरच्या छेदाला मात्र आतल्या आवरणाला वेगळा टाका घालावा असंच शिकवलं जातं. आणि बेंबी ही मुळातच पोटाची नाजूक जागा, काहीजणांना तर तिथं आधीपासनंच बारीकसं भोक असतं, त्यांना कधी जाणवलेलंही नसतं. आवरणाला भोक राहिलं की आतल्या दाबानं चरबीचा पडदा नाहीतर आतडं त्यातून डोकावतं, टायर फाटला की ट्यूबचा फुगा बाहेर येतो ना अगदी तसं.

आता तुमच्या मालकांच्या रागाबद्दल. राग येणं मी समजू शकते, पैसे खर्च केले, त्रास सोसला आणि वर हे. पण आत काहीतरी राहिलंय असं काही तुमच्या वर्णनात दिसत नाही. आणि हर्निया झाला म्हणजे डॉक्टरनं निष्काळजीपणाच केला असंही होत नाही. नीट टाका घातला तरी हा होऊ शकतो. वेगवेगळ्या पाहण्यांमधे आकडे वेगवेगळे येतात, पण ढोबळमानानं शंभरात एक-दोन जणांना होतो असं धरा, जाड माणसांत आणि शुगर असलेल्यांत जास्त. पोट उभं फाडून ऑपरेशन केलं तर शंभरातल्या १० ते २० जणांना होतो, म्हणजे दुर्बीण वाईट असं नाही, दुर्बीण चांगलीच, फक्त धोका शून्य नाही.

तुमच्या पत्रातच कारणं सापडतायत. एक म्हणजे मोठा खडा. पित्ताशय बाहेर काढताना ते ज्या छेदातून काढतात तो कधीकधी ताणावा लागतो, थोडा वाढवावा लागतो, म्हणजे १० चा छेद मग १० चा राहत नाही. तुमचं कुठल्या छेदातून काढलं ते ऑपरेशनच्या कागदावर लिहिलेलं असेल, काही सर्जन बेंबीतून काढतात, काही छातीखालच्या छेदातून. दुसरं, तो पू. ज्या जखमेला इन्फेक्शन होतं तिथलं आवरण नीट सांधत नाही, टाका सैल पडतो, माझ्या मते तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठं कारण हेच असावं. तिसरं शुगर. आणि चौथं, घरी आल्यावर तुम्ही किती दिवसात वजन उचललं ते तुम्ही लिहिलेलं नाही पण मला अंदाज आहे, द्राक्षपट्ट्यातल्या बाईला महिनाभर कोण बसू देतं?

तरीपण जाब विचारायचा नसला तरी विचारायला जा. पहिल्या डॉक्टरांकडंच जा असं माझं म्हणणं आहे, कारण आत काय केलं ते त्यांना माहीत आहे. शांतपणे विचारा, बेंबीच्या छेदाला आतून टाका घातला होता का, छेद वाढवला होता का, पू आला तेव्हा तपासायला पाठवला होता का. मन नसेल त्यांच्याकडं जायचं तर दुसऱ्या सर्जनकडं जा, पण कागद घेऊन जा. डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट मागायचा तुम्हाला हक्क आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणं पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांच्या आत कागद द्यावे लागतात. लेखी अर्ज द्या, भांडणाची गरज पडत नाही.

सासूबाईंना मात्र हात जोडून सांगा, पोट चोळायचं नाही. त्यांचं प्रेम आहे, त्यांच्या काळात पोटात काहीही झालं की बेंबी सरकली म्हणायचे आणि बेंबीवर दिवा ठेवून तांब्या लावायचे, त्यांनी ते बघितलंय, पण इथं तुमच्या पोटाच्या भिंतीला खरंखुरं भोक आहे आणि त्यात कदाचित आतडं येऊन बसतंय. तांब्या लावला तर तो बाहेर ओढणार, चोळलं तर अडकलेलं आतडं दुखावणार, फाटूसुद्धा शकतं. मला याची खरंच काळजी वाटते म्हणून इतकं ठासून लिहितेय. गाठ आपणहून जात असेल तर फक्त पाठीवर पडून गुडघे जवळ घ्यायचे आणि स्वस्थ पडायचं. जात नसेल तर दाबून ढकलायची नाही.

पट्ट्याबद्दल. पट्ट्यानं भोक बुजत नाही. या वयात हर्निया आपोआप भरून येत नाही, काढ्यानं नाही, गोळीनं नाही, व्यायामानं पण नाही. ऑपरेशनच्या तारखेपर्यंत कामात आधार म्हणून पट्टा वापरायला हरकत नाही, पण झोपून, गाठ आत गेल्यावर बांधायचा. गाठ बाहेर असताना वरनं आवळून बांधणं चुकीचं. आणि पट्टा बांधलाय म्हणून क्रेट उचलायचा, हे तर मुळीच नको.

आता तुमचा खरा प्रश्न, हंगाम. ताई, मला माहीत आहे की बाग सोडून दवाखान्यात झोपणं म्हणजे काय, वर्षाचा पैसा त्या महिना-दीड महिन्यात हातात येतो. म्हणून मी तुम्हाला सगळं टाकून उद्या ऑपरेशन करा असं म्हणत नाही. पण दाखवायला एप्रिल नको. दाखवणं याच आठवड्यात, आणि ऑपरेशन कधी ते सर्जनशी बोलून. या दोन गोष्टी आपल्या लोकांच्या डोक्यात एकच असतात, दाखवलं की टेबलावर घेतील या भीतीनं दाखवतच नाहीत. तसं नसतं. गाठ सहज आत जातेय, दुखत नाही, तपासणीत सर्जनला घाई वाटली नाही, तर काही आठवडे थांबून सोयीनं तारीख घेता येते. मात्र पोर्टच्या हर्नियाचं एक आहे, त्याचं तोंड बहुतेक वेळा अरुंद असतं. मोठ्या तोंडाच्या हर्नियातून आतडं जातं-येतं, अरुंद तोंडातून गेलं की अडकायची भीती जास्त. त्यामुळं गाठ लहान आहे म्हणजे धोका लहान, हा हिशोब इथं लागू पडत नाही. भोक किती रुंद आहे ते तपासल्याशिवाय मी किंवा कुणीही तुम्हाला एप्रिलपर्यंत चालेल असं सांगू नये.

तपासायला गेल्यावर उभं राहून दाखवा. ओपीडीत घाईघाईत टेबलावर झोपवतात आणि झोपलं की तुमची गाठ आत, मग डॉक्टर म्हणणार काही नाही. स्वतःहून सांगा, उभी राहते, खोकून दाखवते. सोनोग्राफी करायला सांगितली तर तिथंपण जोर लावून, खोकून करायला सांगा, आणि रिपोर्टमधे भोकाचं माप लिहून घ्या. जाड पोट असेल किंवा संशय असेल तर सीटी लागतो, प्रत्येकाला लागत नाही.

थांबायचं ठरलं तर ते नुसतं थांबणं नको. क्रेट उचलायचे नाहीत, एकसुद्धा नाही, पॅकिंग करा, प्रतवारी करा, हिशोब ठेवा, पण उचलणं दुसऱ्यानं. औषधाचा पाठीवरचा पंप नको, पाण्याच्या घागरी नकोत. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात त्या शेडजवळ थांबू नका, त्यानं खोकला लागतो आणि प्रत्येक खोकल्याला आतनं धक्का बसतो. संडासला कुंथायला लागत असेल तर भाजी, पाणी वाढवा, गरज पडली तर डॉक्टरांकडनं इसबगोलसारखं काही घ्या. आणि हे पुढचं मालकांना आणि पोरांना वाचून दाखवा.

गाठ बाहेर आली आणि झोपूनही आत जात नाही, कडक लागतेय, हात लावू देत नाही इतकी दुखतेय, वरची कातडी लाल-काळपट दिसतेय, उलट्या होतायत, पोट फुगलंय, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. खाणं-पिणं बंद, १०८ ला फोन किंवा जी गाडी मिळेल ती, आणि थेट सर्जन आणि ऑपरेशन थिएटर असलेल्या हॉस्पिटलात, गावातल्या इंजेक्शनवर थांबायचं नाही. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांतच ते काळं पडायला लागतं आणि मग तेवढा तुकडा कापून काढावा लागतो. अजून एक, जे शिकल्या-सवरलेल्यांनापण माहीत नसतं. या अरुंद भोकात कधीकधी आतड्याची पूर्ण नळी न अडकता नुसती एका बाजूची भिंत चिमटीत सापडते. त्याला रिक्टरचा हर्निया म्हणतात. यात संडास होते, गॅस जातो, गाठपण मोठी दिसत नाही, आणि आत आतडं मरत असतं. त्यामुळं संडास झाली ना मग काही नाही, असं म्हणून घरी बसू नका, दुखणं वाढतंय हेच लक्षण धरा.

(हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, ज्यांचं ऑपरेशन आत्ताच झालंय. हा हर्निया या ताईंना झाला तसा महिन्यांनी, वर्षांनी येतो तसाच पहिल्या काही दिवसांतपण येऊ शकतो. घरी आल्यावर पाच-सहा दिवसांनी उलट्या, पोट फुगणं, एका टाक्यापाशी दुखणं सुरू झालं तर गॅस झालाय म्हणून सोडा पीत बसू नका, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना लगेच गाठा.)

जाळीबद्दल लोक फार घाबरवतात. जाळी म्हणजे बहुतेक वेळा पॉलीप्रॉपिलीन नावाच्या धाग्याची विणलेली पातळ पट्टी, आपलं शरीर तिच्यात नवीन तंतू विणतं आणि ती जागा मजबूत होते. अर्धशतकाहून जास्त काळ जगभर वापरात आहे. बहुतेकांना सोसते. इन्फेक्शन, पाणी साठणं, काहींना रेंगाळणारं दुखणं, हे त्रास होऊ शकतात, ते नाकारत नाही. पण जाळी न बसवता नुसते टाके घातले तर काय होतं तेपण बघा. हॉलंडमधे ऑपरेशनच्या जागी झालेल्या हर्नियाच्या पेशंटांवर एक मोठी पाहणी झाली, दहा वर्षांनंतरचा निकाल २००४ साली आला, नुसत्या टाक्यांनी शिवलेल्यांत शंभरातले ६३ हर्निया परत आले, जाळीवाल्यांत ३२. ते पेशंट उघड्या ऑपरेशनचे होते, छेद मोठे होते, तुमचं भोक लहान असणार म्हणून तुमचा आकडा एवढा वाईट नसेल. बेंबीच्या हर्नियाबाबत आत्ताचा सर्वसाधारण सल्ला असा की भोक १ सेंटीमीटर किंवा त्याच्या वर असेल तर जाळी, त्याहून बारीक असेल तर टाक्यांवर भागू शकतं. तुमचं पूर्वी पिकलेलं, शुगर आहे, म्हणून मी तुमची सर्जन असते तर जाळीकडंच झुकले असते, पण आधी तिथं इन्फेक्शनचा मागमूस राहिलेला नाही ना हे पक्कं करून. जुना पू आतून धुमसत असेल तर त्यावर जाळी बसवू नये.

परत दुर्बिणीतूनच करायचं का? गरज नाही. भोक लहान असेल तर तिथंच छोटा छेद घेऊन उघड्यानं सुटसुटीत होतं, कधीकधी पूर्ण भूल पण द्यावी लागत नाही. दोन-तीन भोकं असतील किंवा माणूस जास्त जाड असेल तर दुर्बिणीचा फायदा. जी पद्धत तुमच्या सर्जनच्या हाताला बसलीय ती बरी.

ऑपरेशनच्या आधीचा वेळ मात्र वाया घालवू नका, हा हंगामाचा महिना-दीड महिना यासाठीच वापरा. तीन महिन्यांची सरासरी शुगर तपासा, ती एचबीएवनसी म्हणतात ती, बरेच सर्जन ती ८ च्या खाली आल्याशिवाय घाई नसलेला हर्निया करत नाहीत आणि ते बरोबर आहे. जेवणानंतरची शुगर नुसती पाहून उपयोग नाही. आणि ताई, मिश्री. ती तंबाखूच आहे हो, भाजली म्हणून तिच्यातलं निकोटीन कुठं जात नाही. निकोटीननं रक्तवाहिन्या आखडतात आणि जखमेला रक्त कमी मिळतं. बिडी-सिगारेटवाल्यांना आम्ही निदान चार आठवडे आधी बंद करायला लावतो, तुम्हीपण तेवढी मुदत धरा. एकदम सुटत नसेल तर आधी दुपारची सोडा, मग सकाळची. वजन जास्त असेल तर चार-पाच किलो जरी उतरलं तरी टाक्यांवरचा ताण हलका होतो.

पैशाचं तुम्ही लिहिलं नाहीत पण मनात असणारच. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि सांगलीच्या वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात हर्नियाची ऑपरेशनं होतात. खाजगीत करायचं असेल तर आधी त्या हॉस्पिटलात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र बसतो त्याला गाठा, रेशन कार्ड आणि आधार दाखवा, आणि तुमचं ऑपरेशन तिथं योजनेत बसतं का ते भरती व्हायच्या आधी विचारा. भरती झाल्यावर विचारलं की सगळी धावपळ होते.

ऑपरेशननंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालायला लावतात. घरचं हलकं काम आठवड्याभरात जमतं. पण वजन उचलणं चार ते सहा आठवडे बंद, आणि या वेळी खरोखर बंद. मालकांना आत्ताच सांगून ठेवा की एप्रिलच्या खरड छाटणीला मजूर जास्त बघायचे, तुम्ही नसणार. खोकला आला तर उशी पोटाला घट्ट धरून खोका. टाक्याखाली मऊ फुगा आला तर घाबरू नका, बहुतेक वेळा पाणी साठलेलं असतं आणि आपोआप जिरतं, पण दाखवून घ्या.

तपासणी झाली की मला परत लिहा. भोक किती सेंटीमीटरचं निघालं, आतडं येतंय की नुसता चरबीचा पडदा, सरासरी शुगर किती, आणि सर्जननी कुठली तारीख सांगितली, एवढं कळवा, म्हणजे हंगाम आधी की ऑपरेशन आधी हे मला तुम्हाला नेमकं सांगता येईल.